मावशीच्या ओठावरची पाहुणी

माझी मावशी पंचवीस वर्षं शिट्ट्या वाजवत होती. भलता अर्थ काढू नका, ती तिची नोकरी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला शिट्ट्यांचा एक लहानसा कारखाना आहे. खेळातल्या पंचांच्या, पहारेकऱ्यांच्या, शाळेतल्या कवायतीच्या, सगळ्या शिट्ट्या तिथे बनतात. पितळेचा पत्रा कापायचा, वाकवायचा, सांधायचा, पोटात बुचाची गोळी टाकायची, घासूनपुसून चकाकी आणायची आणि मग ती शिट्टी मावशीपुढे ठेवायची. मावशी तीन फुंका मारायची. एक हलकी, एक मध्यम आणि एक अशी की ऐकणाऱ्याच्या हातातलं भांडं खाली पडावं. तिन्ही फुंका पटल्या तर शिट्टी उजवीकडच्या टोपलीत जायची, नाहीतर डावीकडच्या. अशा दिवसाला चारशे शिट्ट्या व्हायच्या. तिथून पुढे त्या औषधाच्या पाण्यातून निघून, सुकून मगच डब्यात जायच्या, तेव्हा गिऱ्हाइकांनी घाबरायचं कारण नाही.

बाकीच्यांचे कान शाबूत राहावेत म्हणून मावशीला काचेच्या खोलीत बसवलेलं होतं. कानांत कापसाचे बोळे घालून ती तिथे बसायची. संध्याकाळी घरी आल्यावर बोळे काढायचे लक्षात राहायचं नाही, त्यामुळे ‘चहा ठेव’ हे ती तीन घरांना ऐकू जाईल असं सांगायची. मी वाचनालयात काम करते. माझ्याकडे कोणी पान जोरात उलटलं तरी मी डोळे वटारते. अशा मला ही मावशी मिळावी, यात कुणाचा तरी खोडसाळपणा आहे असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

चारशे शिट्ट्यांना तोंड लावून आलेल्या बाईला घरी तरी ओठांना विसावा द्यावासा वाटला पाहिजे. पण मावशीचं दुकान घरी आल्यावर उघडायचं. ती मुके घ्यायची. भाच्यांचे, पुतण्यांचे, शेजारच्या मुलांचे, परीक्षेत पास झालेल्यांचे आणि नापास झालेल्यांचे तर दोनदा. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचाही घेतला, कारण नळ खरोखरच गळायचा थांबला होता. तो माणूस नंतर आमच्याकडे कधी आला नाही, बोलावलं की भावाला पाठवायचा. मावशीचा मुका म्हणजे नुसतं ओठ टेकवणं नव्हतं. शिट्ट्यांच्या सरावाचा दम त्यात असायचा. गाल आत ओढला जायचा, कानात सूं व्हायचं आणि सुटल्यावर मूल दोन पावलं भेलकांडायचं. मी सणकून चिडायचे. चिडले की ती म्हणायची, “ये, रुसलीस होय?” आणि आणखी एक घ्यायची.

आता पाहुणीबद्दल सांगते. मावशीच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात वर्षातून तीन-चार वेळा पाहुणी यायची. आधी दिवसभर तिथे चुरचुरायचं, मग बारीक बारीक पाणीदार फोडांचा घोस उठायचा, ते फुटून त्यावर पिवळट खपली धरायची आणि दहा-बारा दिवसांनी सगळं साफ व्हायचं. ताप आला की पाहुणी हजर. उन्हात गच्चीवर गाद्या वाळत घातल्या की पाहुणी हजर. कारखान्यात तपासणीचे साहेब येणार म्हटलं की साहेबांच्या आदल्या दिवशी पाहुणी हजर. पाहुणी दर वेळी त्याच कोपऱ्यात उतरायची, जणू तिथली खोली तिच्या नावावर केलेली होती.

याचं कारण मावशीने शोधून काढलेलं होतं: पितळ बाधतं. बस, विषय संपला. बाकीच्यांना उष्णता होते, पोट साफ नसतं, जागरण बाधतं, पण मावशीला पितळ बाधायचं. तिने मालकांकडे इतकी भुणभुण लावली की त्यांनी शेवटी शिट्ट्यांच्या तोंडाला निकेलचा मुलामा द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना तो फार आवडला. पाहुणी मात्र ठरल्याप्रमाणे आलीच.

“आता काय म्हणणं आहे?” मी विचारलं.

“आत पितळच आहे ना!” मावशी म्हणाली. “वरून कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का?”

मग तिच्या मदतीला दुसरी तपासनीस आली. जाड चष्मा लावायची म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. आल्यावर आठवड्याभरात चष्मेवालीच्या वरच्या ओठावर फोड उठले. मावशीला कोण आनंद झाला! “बघा, मी सांगत नव्हते? पितळ!” मालकांनी मान हलवली, मुकादमांनी मान हलवली. मुकादमांनाही अधूनमधून ओठावर यायचंच. कारखान्यातल्या एकाही माणसाच्या मनात पितळेबद्दल शंका उरली नाही.

थोरलीबद्दल मात्र कोणाला शंका आली नाही. थोरली म्हणजे कारखान्याची नमुन्याची शिट्टी, मालकांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवलेली. मखमलीच्या डबीत ती ठेवलेली असायची. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी थोरलीचा सूर कानात बसवून घ्यायचा, म्हणजे दिवसभर बाकीच्या शिट्ट्या तिच्याशी ताडून पाहता येतात. आधी मालक वाजवायचे, मग मुकादम, मग मावशी, मग चष्मेवाली. एका तोंडातून निघाली की सदऱ्याच्या नाहीतर पदराच्या टोकाला पुसायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. धुवायची मात्र नाही, कारण पाण्याने सूर जातो असं मालकांचे वडील सांगून गेले होते. तर सकाळी पाच मिनिटांत चार तोंडांतून फिरलेली ही शिट्टी डबीत जायची आणि मग चौघंही ओठ चोळत पितळेला शिव्या घालायचे.

थोरलीचा आणखी एक मान होता. कारखान्यातल्या कुणाच्याही घरी मूल झालं की पहिल्या आठवड्यात थोरली त्याच्या भेटीला जायची. मावशी ती आधी स्वतः एकदा फुंकून बघायची आणि मग बाळाच्या ओठांना टेकवायची. त्याने छाती दणकट होते असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पहिला मान मालकांच्या मुलाचा होता आणि त्याने वर्षभरात असा काही आवाज कमावला की वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले. त्यानंतर आणखी दहा मुलांच्या ओठांना थोरली लागली. त्या मुलांचं नशीब बलवत्तर, एवढंच मी आज म्हणेन.

मावशीला एकच मुलगा, म्हणजे माझा दादा. त्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाल्यावर वहिनीला दिवस गेले. मावशी हवेत तरंगायला लागली. दोन गोष्टी तिने पहिल्याच दिवशी जाहीर केल्या. थोरली बाळाच्या ओठांना मी लावणार आणि जगातला पहिला मुका मी घेणार. दादाने विचारलं, “आणि आईबापांनी काय करायचं?” मावशी म्हणाली, “तुम्ही रांगेत या.” वहिनी स्वभावाने गरीब, ती नुसती हसली. नऊ महिने मावशी या मुक्याची तयारी करत होती. ओठांना साय चोळत होती. चारशेपैकी तीनशे शिट्ट्या तू कर, माझे ओठ राखून ठेवायचेत, असं तिने चष्मेवालीला बजावलं होतं.

ठरल्या तारखेच्या तीन दिवस आधी मावशी माझ्याकडे आली ती पदर तोंडावर धरून.

“दाताने चावलं,” ती म्हणाली.

“दाखव.”

“दाखवण्यासारखं नाही.”

मला बघायची गरजच नव्हती. मलाही पाहुणी येते, वयाच्या सहाव्या वर्षापासून. चुरचुरायला लागल्यावर माणूस जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्याकडे कसं नेतो, ते मी आरशात हजारदा पाहिलं आहे. मावशीची जीभ तेच करत होती. नऊ महिन्यांची काळजी शेवटी ओठावर बाहेर पडली होती.

“मावशी, फोड आले असताना बाळाजवळ जाऊ नये म्हणतात,” मी म्हटलं. कुठेतरी वाचलेलं अर्धवट आठवत होतं.

“पितळेची बाधा बाळाला कशी होईल? बाळ काय शिट्टी गिळणार आहे?” तिने मला उडवून लावलं. पण त्या दिवशी जाताना तिने माझा मुका घेतला नाही. मला ते जरा खटकलं, आणि खटकलं याचाच मला राग आला.

वहिनीला मुलगी झाली. सकाळी साडेदहाला दादाचा फोन आला, अकराला मावशी माझ्या दारात उभी. तिने जन्मात पहिल्यांदा लिपस्टिक लावली होती. पिकलेल्या जांभळाचा रंग होता आणि डाव्या कोपऱ्यात तर तिने गिलावाच केला होता. त्यावरून गळपट्टा गुंडाळला होता आणि हातात मखमलीची डबी होती.

“मावशी, अगं, हे काय?”

“नातीला भेटायला जाताना नटू नये का माणसाने?”

मी तिच्याबरोबर गेले. थांबवायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण एकटं सोडायचंही नव्हतं. रिक्षात मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तिने बाहेरची दुकानं दाखवली.

प्रसूतिगृहाचा लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना पांढऱ्या फरशा, ओळीने दारं. सात नंबरच्या खोलीत वहिनी झोपली होती आणि तिच्या शेजारच्या पाळण्यात बोटभर तोंडाची आमची मुलगी. दार अर्धवट उघडं होतं. मावशी दाराशी थांबली, डोळे भरून आत पाहिलं आणि मग तिला आठवलं की न तपासलेली शिट्टी तिने आयुष्यात कुणाच्या हवाली केलेली नाही. तिने गळपट्टा खाली ओढला, डबीतून थोरली काढली आणि तिथेच, त्या फरशांच्या बोळात, फुंकली.

तिच्या मते ती हलकी फुंक होती. पण काचेच्या खोलीबाहेर मावशीची हलकी फुंक कुणी ऐकलीच नव्हती. आठ खोल्यांमधली आठ बाळं एकदम रडायला लागली. सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला आणि त्यातली कात्री घरंगळत जिन्यापर्यंत गेली. फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि समोर कुणीच अधिकारी न दिसल्यामुळे मावशीलाच कडक सलाम ठोकून उभा राहिला. एक होणारा बाप चक्कर येऊन बाकावर बसला. मी भिंतीला चिकटून मेल्याहून मेल्यासारखी झाले.

एक तरुण डॉक्टरीणबाई तरातरा बाहेर आल्या. कानावर पेन, कपाळावर आठ्या.

“कोणी वाजवली?”

“मी,” मावशी म्हणाली. “अजून मध्यम आणि जोराची राहिलीय.”

“आजी, इथे...” बाई बोलता बोलता थांबल्या. त्या मावशीच्या तोंडाकडे पाहत होत्या. शिट्टीने कोपऱ्यातला गिलावा पुसून नेला होता. “ओठाला काय झालंय?”

“लिपस्टिक.”

“तिच्याखाली?”

“ओठ.”

“आणि ओठावर?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“पितळ बाधतं मला,” मावशी शेवटी म्हणाली. “शिट्टीच्या कारखान्यात आहे मी. आमच्यात सगळ्यांनाच होतं. मालकांना, मुकादमांना, चष्मेवालीला. पितळेचंच आहे ते.”

“घरात कुणाला होतं, जे शिट्टी वाजवत नाहीत?”

माझा हात आपोआप वर गेला. वाचनालयात काम करणाऱ्या बाईचा हात. मी जन्मात शिट्टीला तोंड लावलेलं नाही.

“लहानपणी या आजी तुमचे लाड करायच्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“करायच्या म्हणजे! गाल सुटून यायचे,” मी म्हणाले. वर्षानुवर्षांचा राग होता, तो बाहेर पडला.

“आणि ती शिट्टी? ती अजून कोण कोण तोंडात घालतं?”

मावशीने अभिमानाने यादी सांगितली. मालक, मुकादम, मी, चष्मेवाली, रोज सकाळी, आणि धुवत नाही, सूर जातो. सांगताना शेवटी शेवटी तिचा आवाज बारीक होत गेला. मावशी अडाणी नाही. टोपलीत कुठली शिट्टी फुसकी आहे हे तिला एका फुंकेत कळतं आणि आता तिचं स्वतःचं पितळच फुसकं निघत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाकावर बसवलं. त्या बाकावरच्या बापाला जरा सरकायला सांगितलं. मग त्या शांतपणे बोलल्या. हा विषाणू आहे, हर्पीस त्याचं नाव. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात तो असतो, बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि पुष्कळांना ते ठाऊकही नसतं. लाळेतून, फोडाच्या पाण्यातून, कातडीला कातडी लागून तो जातो. मुका हा त्याचा आवडता रस्ता. नुकत्याच तोंडातून काढलेल्या वस्तूतूनही कधीकधी जातो. एकदा शिरला की गालामागच्या नसांच्या गाठीत जाऊन झोपतो. ताप, ऊन, दगदग, काळजी, काहीही निमित्त झालं की उठतो आणि त्याच नसेने त्याच जागी वर येतो.

“म्हणजे हा माझ्या गालात राहतो? न विचारता?” मावशीने गाल चाचपला.

“आणि जातच नाही. औषधाने फोड लवकर बरे होतात, चुरचुरायला लागल्याबरोबर घेतलं तर जास्त चांगलं. पण भाडेकरू तिथेच.”

“उष्णता नाही?”

“नाही.”

“तोंड येतं तसं नाही?”

“तोंड येतं ते आतून, ते कुणाला लागत नाही. हे लागतं. फोड असतात तेव्हा सगळ्यात जास्त, पण नसताना सुद्धा थोडंफार. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही, डोळ्यात गेला तर नजरेवर बेततं. मोठ्यांना बाकी फारसं काही होत नाही. थोडे दिवस आरशात बघवत नाही, इतकंच.” बाईंनी अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. “पण आजी, पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला त्याच्याशी लढता येत नाही. तो मेंदूपर्यंत जातो. एका मुक्याने बाळ दगावू शकतं.”

मावशीचा चेहरा पांढरा पडला. जांभळी लिपस्टिक तेवढी उरली. तिने आधी दोन्ही हात पाठीमागे नेले, मग उठून सात नंबरच्या दारापासून मागे मागे जात समोरच्या भिंतीला टेकली.

“मी हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “आत गेलेच नाही. दारातून पाहिलं फक्त. ही साक्षीला आहे. सांग ना गं यांना!”

“नाही लावला,” मी म्हणाले, आणि मीही तिच्याशेजारी भिंतीला जाऊन टेकले. माझ्या ओठावर त्या दिवशी काही नव्हतं, तरीही. मला तिचा इतका राग आला होता आणि तिची इतकी दया आली होती की दोन्हीचं मिळून मला रडू आलं. डबीतली ती चकचकीत वस्तू पाच मिनिटांत त्या बोटभर तोंडाला लागणार होती. बरं झालं, मावशीने आधी सूर तपासला.

दादा औषधं घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून रडत होतो आणि पहारेकरी आम्हाला पाणी देत होता. दादाला वाटलं, काय झालं कोण जाणे. त्याला समजावताना आमची पुरती दमछाक झाली.

 घरी परत येताना मावशीने विचारलं, “मी तुला दिलं, मुकादमांना बहुतेक थोरलीने दिलं. मला कुणी दिलं?”

“बाई म्हणाल्या ना, बहुतेकांना लहानपणीच मिळतो. घरातलंच कोणीतरी. लाड करताना.”

“माझे लाड कोण करणार?” मावशी म्हणाली.

हे खरं होतं. मावशी आणि माझी आई सख्ख्या बहिणी नव्हेत, आतेमामेबहिणी. मावशी अडीच वर्षांची असताना तिची आई वारली आणि आत्याने, म्हणजे माझ्या आजीने, तिला वाढवलं. आजी फार कर्तव्यदक्ष बाई होती. वेळेवर जेवण, वेळेवर अभ्यास, वेळेवर धपाटा. मुका नाही. आणि तुझी आईही कडकच होती, मुलांना अंगाशी लावून घ्यायची नाही, असं आजी मावशीला सांगायची. मावशीला आई आठवत नव्हती. एक फोटो होता तेवढा.

घरी गेल्यावर मावशीने तो फोटो काढला आणि शिट्टीची सांध तपासायचं भिंग त्यावर धरलं. फोटोत एक बारीक बाई कडेवर मूल घेऊन उभी आहे. तिच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक गडद ठिपका आहे. घरात सगळे तो तीळ आहे असं म्हणत आले होते.

“तीळ नाहीये हा,” मावशी म्हणाली. तिने भिंग माझ्या हातात दिलं. “बघ. खपली आहे.”

मी पाहिलं. तीळ असू शकत होता, खपली असू शकत होती, फोटोला लागलेली ओलही असू शकत होती. खरं सांगायचं तर ओलच वाटत होती. आणि विषाणू तर कुणीही दिलेला असू शकतो, शेजारणीनेही. पण मावशी भिंगातून वर बघायला तयार नव्हती.

“म्हणजे घेत होती,” ती म्हणाली. “आई माझे मुके घेत होती.”

मी ‘हो’ म्हटलं. मला भांडायला आवडतं, पण इतकंही नाही.

यानंतर मावशी सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मालकांच्या हातातून थोरली हिसकावली आणि पातेल्यात घालून उकळली. पोटातली बुचाची गोळी फुगली, थोरलीचा आवाज बसला, आता ती सर्दी झालेल्या बदकासारखी वाजते. मालक दोन दिवस जेवले नाहीत. पण वडिलांच्या शिट्टीपेक्षा त्यांना मावशीची भीती जास्त, त्यामुळे आता सूर बसवायला प्रत्येकाला आपापली शिट्टी मिळाली आहे आणि चारशे शिट्ट्या तोंडाने नव्हे, पायाने दाबायच्या भात्याने वाजवल्या जातात. मावशी भात्यावरही तीन फुंका मोजून मारते. बाळांच्या भेटीला थोरली आता जाते ती डबीत बंद होऊन, आणि दाराबाहेरच थांबते.

घरी तर तिने नाकाबंदीच लावली. बाळ घरी आलं तेव्हा मावशी दाराशी स्टूल टाकून बसली, तोंडावर मास्क, हातात भिंग, पायाशी साबण आणि बादली. येणाऱ्याने आधी ओठ दाखवायचे. मालक बाळाला बघायला आले, त्यांना तिने खालचा ओठ उलटा करून दाखवायला लावला. दादाच्या साहेबांना अर्धा तास हात धुवायला लावले. नळवाल्याचा भाऊ नुसताच नळ बघायला आला होता, तोही तपासून घेतला. आणि “तुम्हाला फोड नसले तरी मुका नाही!” हे ती अशा आवाजात सांगायची की लोक निमूटपणे लांबूनच बाळाला टाटा करायचे. वहिनी एकदा मला हळूच म्हणाली, “आईंनी मला पण तपासलं गं, माझ्याच मुलीला घ्यायच्या आधी.”

स्वतःची पाहुणी जाऊन, खपली पडून, कातडी पुन्हा नितळ होईस्तोवर मावशी उंबऱ्याच्या आत आली नाही. बारा दिवस. अंगणातून ती बाळाशी बोलायची आणि तिच्या आवाजाला अंगणही पुरेसं होतं. तेराव्या दिवशी कोपरापर्यंत हात धुऊन, मास्क लावून तिने नातीला घेतलं. मी बघत होते. ती मान खाली नेत होती आणि अर्ध्या वाटेवर थांबवत होती. पुन्हा नेत होती, पुन्हा थांबवत होती. मास्कमध्ये गाल आत ओढल्याचा आवाज येत होता. मग तिने बाळ वहिनीकडे दिलं, मागच्या दारी गेली आणि तिथल्या खांबाचा मुका घेतला. मी पाहिलं आहे, ती नाही म्हणेल.

महिने गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता बाळ मोठं झालं, ओठावर काही नसेल तेव्हा डोक्यावर वगैरे हरकत नाही. मावशी म्हणाली, “बरं.” पण घेतला नाही. चुरचुर नसताना सुद्धा थोडंफार जातं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जिने नळवाल्याला सोडलं नाही, ती आपल्या एकुलत्या एका नातीला सोडत होती. कुणाला ते बोलून दाखवत नव्हती. मला मात्र ते बघवत नव्हतं. माझ्या गालांना इतकी वर्षं जे नको होतं, ते आता कुणालाच मिळत नव्हतं.

नात नऊ महिन्यांची असताना एका दुपारी मावशी जमिनीवर बसून तिला नवी शिट्टी दाखवत होती. तोंडाने नाही, रबरी फुग्याने वाजवत. मुलगी रांगत आली, मावशीच्या मांडीवर चढली, तिचे दोन्ही कान मुठीत धरले आणि तोंड आ करून मावशीच्या उजव्या गालावर टेकवलं. दात नाहीत, नुसती लाळ. चांगलं दहा मोजेपर्यंत तिने तोंड काढलं नाही. गाल आत ओढला गेला, आवाज झाला. हुबेहूब आमच्या घराण्याचा मुका.

“बाजूला घ्या! घ्या तिला!” मावशी ओरडली. “भिंग आणा! माझ्या ओठाला काही आहे का बघा!”

मी भिंग आणलं, नीट पाहिलं. काही नव्हतं. डावा कोपरा लख्ख होता. वहिनीने बाळाचं तोंड पुसलं. मावशीने बाळाचे हात धुतले, स्वतःचे हात धुतले, ओठ धुतला, हनुवटी धुतली, डावा गाल धुतला, कपाळसुद्धा धुतलं. मग टॉवेल हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच मोरीपाशी उभी राहिली. उजवा गाल तिने धुतला नाही.